शाळेच्या लॅबमधला स्क्विड

आमच्या गावच्या हायस्कूलच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये वीस मशिन आहेत आणि त्या विसांना मिळून इंटरनेटची एकच लाईन. कागदावर ती चाळीस एमबीपीएसची. पावसाळ्यात फणसाची फांदी केबलवर आली की तीही नाही. मग दुरुस्तीवाला येईपर्यंत कुणाच्या तरी फोनच्या हॉटस्पॉटवर दिवस काढायचा. एरवीही महिन्यातून एकदा सगळी मशिनं तेच ते अपडेट आपापलं वेगळं उतरवत बसायची आणि त्या दिवशीचा तास म्हणजे पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघणं. मुख्याध्यापिका बाईंचं दुखणं वेगळं होतं. "मुलं भलतीकडे जाता कामा नयेत, एवढं बघ रे." मी याच शाळेतून दहावी झालो, तालुक्याला नेटवर्किंगची कामं करतो, त्यामुळे दोन्ही दुखणी माझ्या दारात आली.

दोन्हीसाठी पहिलं नाव सुचतं ते स्क्विडचं. १९९६ पासूनचा हा कॅशिंग प्रॉक्सी. मशिन थेट बाहेर न जाता त्याच्याकडे मागणी करतं, तो ती वस्तू आणून देतो आणि जमलं तर एक प्रत स्वतःकडे ठेवतो. दुसऱ्यानं तेच मागितलं की घरातलीच काढून देतो. मधे बसलेला असल्यामुळे कुणाला काय द्यायचं नाही हेही त्याला सांगता येतं. अडचण एवढीच की त्याच्यावरची बरीचशी टिपणं ज्या काळातली आहेत, तो काळ सरला. निम्मं वेब कॅशमधून मिळेल, लाईनीवरचा भार निम्म्यावर येईल, अशी जी आश्वासनं त्यांत असतात ती साध्या एचटीटीपीच्या, म्हणजे वेब पानं उघड्यानं ये-जा करायची त्या जमान्यातली. २०१५ च्या डिसेंबरात साइटची ओळख पटवून वाहतूक कुलूपबंद करायला लागणारी प्रमाणपत्रं लेट्स एन्क्रिप्टनं सगळ्यांना फुकट खुली केली, २०१८ च्या जुलैत क्रोमनं साध्या एचटीटीपी पानांवर 'नॉट सिक्युअर'चा शिक्का मारायला घेतला, आणि आज लॅबमधून जाणारी जवळजवळ प्रत्येक मागणी एचटीटीपीएसची, म्हणजे कुलूपबंद असते. ती स्क्विडला उघडून बघता येत नाही, मग प्रत कसली ठेवणार? हे बाईंना आधीच सांगून ठेवलं. काय होईल, काय होणार नाही, ते सुरुवातीलाच बोललेलं बरं.

ऑफिसमधून काढलेला एक डेस्कटॉप सर्व्हर म्हणून घेतला. ८ जीबी रॅम, त्यात नवीन २४० जीबीची एसएसडी आणि एक जादा नेटवर्क कार्ड. एका कार्डाला राउटर, दुसऱ्याला लॅबचा स्विच. त्यावर डेबियन १२ हा लिनक्स. त्यात स्क्विड ५.७ मिळतो. लॅबच्या मशिनवरही डेबियनच टाकला. तिथे आधी उबुंटू हा दुसरा लिनक्स होता, पण २२.०४ या आवृत्तीपासून उबुंटूत फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप नावाच्या तयार गठ्ठ्यातून येतो, आणि स्नॅप येतात एचटीटीपीएसवरून. म्हणजे दर वेळी वीसदा तीच भली मोठी फाईल. डेबियनची पॅकेजं मात्र आजही साध्या एचटीटीपीवरून येतात. ती चालतात, कारण पॅकेजांच्या यादीवर सही असते आणि प्रत्येक फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, त्या यादीत असतो. वाटेत कुणी काही बदललं तर एपीटी, म्हणजे डेबियनचं पॅकेजं बसवणारं साधन, ते घेतच नाही. कॅशसाठी याहून चांगलं गिऱ्हाईक नाही.

या मांडणीतला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे जे केलंच नाही ते. सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे एका कार्डावरची वाहतूक दुसऱ्यातून थेट पुढे जाऊ देणं, बंदच ठेवलं. लॅबच्या मशिनना बाहेर जायला दुसरी वाटच नाही. ३१२८ या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, स्क्विड बसलेला आहे, त्याच्याकडे विचारा नाहीतर गप्प बसा. पारदर्शक प्रॉक्सीची, म्हणजे मशिनला न कळता मधेच वाहतूक वळवून घेण्याची पद्धत बरेच जण वापरतात. तिच्यात ब्राउझरला काही सांगावं लागत नाही हे खरं, पण मग यूडीपी या वेगळ्या वाटेनं जाणारं क्विक अडवा, डीएनएसची (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची) पळवाट बुजवा, एचटीटीपीएससाठी आणखी कसरत करा. इथे फायरफॉक्सच्या पॉलिसीज डॉट जेसन या फाईलीत प्रॉक्सीचा पत्ता घालून तो कुलूपबंद केला की झालं. शिवाय ब्राउझर नाव जसंच्या तसं स्क्विडकडे देतो आणि पत्ता शोधायचं काम स्क्विड करतो. मशिनला डीएनएसची गरजच उरत नाही. याचा फायदा पुढे फार झाला.

वाट बंद केली की घड्याळाची वाटही बंद होते, हे ध्यानात ठेवावं लागतं. लॅबमधली निम्मी मशिनं जुनी, मदरबोर्डवरचा सेल केव्हाच मेलेला. मे महिन्याची सुट्टी संपवून चालू केली की मशिनला अजून एप्रिलच चाललाय असं वाटतं. मग ज्या साइटनं मधल्या काळात प्रमाणपत्र नवं घेतलं, तिचं प्रमाणपत्र 'अजून लागूच झालेलं नाही' म्हणून फायरफॉक्स लाल पान दाखवतो आणि सगळे प्रॉक्सीला शिव्या घालतात. सर्व्हरवर क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम बसवला आणि वीसही मशिनना वेळ त्याच्याकडून घ्यायला लावली.

आता स्क्विडची मुख्य फाईल. काही हजार ओळींची असते, त्यातल्या बहुतेक नुसत्या टिप्पण्या. टिप्पण्या गाळून बघितली तर कामाच्या ओळी एका पडद्यात मावतात. डेबियनमध्ये कॉन्फ डॉट डी नावाचा फोल्डर असतो. आपलं सगळं तिथे वेगळ्या फाईलीत ठेवलं की पुढे अपग्रेडच्या वेळी मूळ फाईलीशी झोंबाझोंबी होत नाही. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला लागू पडलेला नियम शेवटचा. खाली कितीही कडक मनाई लिहा, वर कुठेतरी 'लॅबच्या सगळ्यांना परवानगी' लिहिलेलं असेल तर ती मनाई कधी वाचलीच जात नाही. म्हणून मनाईच्या ओळी आधी, लॅबला परवानगी त्यांच्यानंतर, आणि मूळ फाईलीच्या तळाशी 'सगळ्यांना नाही' असतंच. बदल केला की आधी स्क्विडला फाईल तपासायला लावायची, मग रीकॉन्फिगर करायचं, म्हणजे चालू असतानाच नवे नियम वाचायला लावायचं. रीस्टार्ट टाळायचा: थांबताना स्क्विड चालू जोडण्यांना ३० सेकंदांची मुदत देतो आणि तेवढा वेळ लॅबमध्ये "सर, नेट गेलं" चालू होतं.

कॅशचं सांगायचं तर बसवल्याबसवल्या डिस्कवर काहीच साठत नाही. डिस्कवरची जागा सांगणारी कॅश डिरची ओळ टिप्पणीतच असते. तोवर कॅश फक्त रॅममध्ये, २५६ एमबी. मी डिस्कवर ४० जीबी दिली. एक जीबी डिस्क-कॅशमागे साधारण १४ एमबी रॅम नुसत्या सूचीला लागते हा स्क्विडवाल्यांचाच हिशेब, म्हणजे सूचीला साडेपाचशे एमबीच्या आसपास. ८ जीबीत ते सहज बसतं. दुसरी मर्यादा जास्त छळते. एका वस्तूचा कमाल आकार मुळात ४ एमबी ठरलेला असतो. फायरफॉक्सचं पॅकेज पन्नास-साठ एमबीचं, लिबरऑफिसचे मोठे तुकडेही असेच. नेमकी जी साठवायची तीच बाहेर राहतात. हा आकार ५१२ एमबी केला, आणि ही ओळ कॅश डिरच्या आधी लिहिली, कारण तिचा परिणाम नंतर येणाऱ्या कॅश डिरवर होतो.

मग ताजेपणाचे नियम. डेब फाईल, म्हणजे डेबियनचं पॅकेज, एकदा प्रसिद्ध झाली की त्या नावाखाली ती बदलत नाही. नवी आवृत्ती आली की नावातला आकडा बदलतो. म्हणून डेब फाईलींना १,२९,६०० मिनिटं, म्हणजे ९० दिवस ताज्या धरायला सांगितलं. पॅकेजांच्या याद्यांना उलट शून्य: दर वेळी विचारून खात्री करायची. याद्याही जुन्या देत बसलात तर यादीतला हॅश एक आणि फाईल दुसरीच असा घोळ होऊन एपीटी 'हॅश सम मिसमॅच' म्हणत हटून बसतं.

पहिल्यांदा अपडेट लावलं ते एका मशिनवर आणि लॉग उघडून बसलो. टीसीपी मिस, टीसीपी मिस, टीसीपी मिस. संथपणे ओळी सरकत होत्या. प्रत्येक फाईल बाहेरून येत होती. ते संपल्यावर शेजारच्या मशिनवर तोच हुकूम दिला. आता यादीसाठी टीसीपी रिफ्रेश अनमॉडिफाइड, म्हणजे 'विचारून आलो, बदललेलं नाही', आणि त्याखाली टीसीपी हिटच्या, म्हणजे कॅशमधूनच दिल्याच्या, ओळी इतक्या भराभर आल्या की वाचता येईनात. नंतर उरलेल्या सगळ्या मशिनवर एकदमच सोडलं. लॅबच्या आतलं नेटवर्क गिगाबिटचं, बाहेरच्या लाईनीला पत्ताही लागला नाही. ऑफिसात तेव्हा शालार्थ या सरकारी साइटवर पगारबिलांचं काम चाललं होतं, तेही निवांत चालू राहिलं.

वेब पानांसाठी मात्र तोच लॉग वाचला की कॅशचं कौतुक ओसरतं. तिथे टीसीपी टनेल, टीसीपी टनेल एवढंच. एसटीच्या कंडक्टरला तुम्ही कुठल्या थांब्यावर उतरणार ते कळतं, पिशवीत काय आहे ते नाही; स्क्विडचंही एचटीटीपीएसमध्ये तसंच. ब्राउझर त्याला 'अमुक साइटच्या ४४३ पोर्टाशी जोडून दे' एवढं सांगतो आणि पुढचं सगळं बंद नळीतून. कुठली साइट, ते कळतं. कुठलं पान, काय शोधलं, काय लिहिलं, ते नाही.

पिशवी उघडायची सोयही स्क्विडमध्ये आहे. एसएसएल बंप म्हणतात. त्यासाठी डेबियनमध्ये ओपनएसएसएलसह बांधलेलं वेगळं पॅकेज आहे. आपलं स्वतःचं प्रमाणपत्र वीस मशिनांत विश्वासू म्हणून घुसवायचं, मग स्क्विड प्रत्येक साइटच्या नावानं जागच्या जागी खोटं प्रमाणपत्र बनवून मधे बसतो आणि सगळं वाचतो. कॅशही होतं, पानातल्या मजकुरावर गाळणीही लावता येते. एका विक्रेत्यानं शाळेला असाच तयार डबा विकायचा प्रस्ताव दिला होता, 'शंभर टक्के सुरक्षित' म्हणून. मी स्पष्ट नको म्हटलं. याच मशिनवर मुलं ईमेल उघडतात, पालक येऊन शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, एखादे सर बँकेत लॉगिन करतात. ते सगळे पासवर्ड एका जुन्या डेस्कटॉपमधून उघडेनागडे जाणार, आणि त्या डेस्कटॉपची किल्ली माझ्याकडे. अशी किल्ली कुणाकडेच असू नये. आणि उद्या सर्व्हरच कुणी फोडला तर? चार पानं कॅश होतील म्हणून एवढं ओझं घ्यायचं मला पटत नाही. बाईंनाही ते लगेच पटलं, त्यांनी फक्त विचारलं, "मग अडवणार कसं?"

साइटच्या नावावरून अडवता येतं. त्यासाठी तयार याद्या मिळतात. तूलूझच्या विद्यापीठाची यादी त्यातली जुनी आणि नावाजलेली. पण तिच्यातला एकटा प्रौढ साइटचा विभाग लाखो नावांचा, तो सरळ स्क्विडच्या पोटात घातला तर चालू व्हायलाच वेळ लागतो आणि रॅम जाते ती वेगळीच. मी दुसरा रस्ता धरला. पत्ता शोधायचं काम स्क्विडचंच आहे ना? मग त्याला डीएनएस म्हणून क्लाउडफ्लेअरचा कुटुंबांसाठीचा १.१.१.३ दिला. प्रौढ किंवा घातक साइटचं नाव विचारलं की तो ०.०.०.० असं उत्तर देतो. लिनक्सवर ०.०.०.० शी जोडायला गेलं की ते स्वतःच्याच मशिनशी जोडलं जातं, म्हणून स्क्विडमधली 'टू लोकलहोस्ट'ला मनाई करणारी ओळ चालू करायची, ५.७ मध्ये ती टिप्पणीत झोपलेली असते. ती जागी केली की लॉगमध्ये स्वच्छ टीसीपी डिनाइड दिसतं.

शोधात अश्लील निकाल न दाखवणारा गूगलचा सेफसर्चही याच मार्गानं. स्क्विड सर्व्हरची होस्ट्स फाईल, म्हणजे नावं आणि त्यांचे पत्ते हातानं लिहायची यादी, वाचतो. तिच्यात गूगलच्या नावापुढे गूगलनंच जाहीर केलेला सक्तीच्या सेफसर्चचा पत्ता, २१६.२३९.३८.१२०, लिहिला. यूट्यूबचं रिस्ट्रिक्टेड मोडही तिथूनच मिळतं, त्यासाठी यूट्यूबची त्यांनी सांगितलेली पाचही नावं घालावी लागतात. या मोडमध्ये व्हिडिओखालच्या कॉमेंट दिसत नाहीत. विज्ञानाच्या सरांनी तेवढ्यासाठी माझे आभार मानले.

अडवल्यावर दिसायला म्हणून मराठीत एक पान केलं होतं: 'ही साइट शाळेत उघडत नाही. कामासाठी हवी असेल तर बाईंना सांगा.' ते पान जवळजवळ कुणालाच दिसलेलं नाही. जोडणी नळी लागायच्या आधीच नाकारली जाते, आणि अशा वेळी प्रॉक्सीनं पाठवलेलं पान ब्राउझर दाखवत नाहीत. ते बरोबरच आहे, नाहीतर कुणीही मधे बसून बँकेच्या नावाखाली आपलं पान खपवलं असतं. फायरफॉक्स 'प्रॉक्सी कनेक्शन नाकारतोय' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दाखवतो, मुलांना वाटतं नेट गेलं. शेवटी तो मजकूर मोठ्या टायपात छापून लॅबच्या भिंतीवर लावला.

नको ते अडवण्यापेक्षा हवं ते न अडवणं अवघड जातं. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवसांत ऑफिसच्या मॅडमचा फोन आला, अर्ज भरला जातो पण 'पैसे भरा' दाबलं की काही होत नाही, आणि शेवटची तारीख जवळ. लॉगमध्ये ओळ होती: टीसीपी डिनाइड, ४०३, कनेक्ट, पुढे साइटचं नाव आणि शेवटी अपूर्णविरामानंतर ८४४३. मुळातल्या नियमांप्रमाणे स्क्विड नळी फक्त ४४३ या पोर्टालाच लावू देतो, आणि त्या साइटचं पैसे भरायचं पान ८४४३ वर होतं. ही मुळातली कडकाई योग्यच आहे. नळी कुठल्याही पोर्टाला लागू लागली तर तिच्यातून काहीही जाईल. एसएसएल पोर्ट्सच्या यादीत ८४४३ एवढा एकच वाढवला, रीकॉन्फिगर केलं, मॅडमना म्हटलं, "आता दाबा." गेलं. तेव्हापासून कुणी 'साइट चालत नाही' म्हटलं की मी आधी साइटचं नावही विचारत नाही, लॉगमधली डिनाइडची ओळ बघतो.

गेमच्या साइट मधल्या सुट्टीत खुल्या, तासाला बंद, हा तह बाईंनी मुलांशी केला. स्क्विडला वेळेचे नियम कळतात. वारांची अक्षरं मात्र चमत्कारिक: गुरुवार एच, शनिवार ए. शनिवारी आमची शाळा सकाळची, त्यामुळे त्या दिवसाची वेगळी ओळ. पण नियम तपासला जातो तो जोडणी मागताना. सुट्टीत लागलेली नळी घंटा झाल्यावर आपोआप तुटत नाही. दुसरीकडची मुलं हिरमुसून वहीत डोकं घालतात आणि कोपऱ्यातल्या मशिनवरचा पठ्ठ्या, ज्यानं पान रिफ्रेश करायचं नाही हे बरोबर ताडलं, तो खेळतच असतो. यावर उपाय मी शोधलेला नाही. सर त्याच्या मागे जाऊन उभे राहतात.

व्हिडिओंसाठी डिले पूल लावला, म्हणजे वेगाला मर्यादा घातली. यूट्यूबचे व्हिडिओ गूगलव्हिडिओ या डोमेनवरून येतात. तेवढ्याला मिळून सेकंदाला दीड एमबीची मर्यादा. हे आकडे बाइटमध्ये लिहायचे असतात, बिटमध्ये नाही, हे फाईल लिहिताना बोटावर मोजून घ्यावं. दीड एमबी म्हणजे बारा एमबीपीएस, लाईनीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. कॅशमधून दिलेल्या वस्तूला ही मर्यादा लागत नाही, त्यामुळे अपडेटचा वेग आहे तसा राहतो. वर्गाला एकच व्हिडिओ दाखवायचा असेल तर एकाच मशिनवर लावून प्रोजेक्टरवर दाखवा, हे सांगणं मात्र कुठल्याही पूलपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

लॉगचं काय करायचं यावर बाईंशी बरंच बोलणं झालं. कुठल्या मशिननं कुठली साइट मागितली हे त्यात असतं. आणि हजेरीपत्रकासोबत ठेवलं तर मशिन म्हणजे मूल. लॉग सात दिवस ठेवायचा, नंतर आपोआप पुसायचा. बघायचा तो काही अडलं तरच. एका पालकांनी आपल्या मुलाचा 'रिपोर्ट' मागितला होता, बाईंनी दिला नाही.

राहिलं ते लाईटचं. अचानक लाईट गेली की स्क्विड नीट बंद होत नाही, आणि पुढच्या वेळी चालू होताना कॅशची सूची डिस्कवरून नव्यानं जुळवत बसतो. तोवर चालतो, पण रेंगाळत. सर्व्हर लॅबच्या इन्व्हर्टरवरून काढून त्याला छोटा यूपीएस वेगळा दिला, यूएसबीनं जोडून. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की सर्व्हर आपलं आपण बंद होतो. डेबियन १३ आलाय, त्यात स्क्विड सहाव्या मालिकेतला आहे आणि 'टू लोकलहोस्ट'ची मनाई तिथे मुळातच चालू असते. ते काम मे महिन्याच्या सुट्टीत करायचं ठरलंय, लॅबचे सेल बदलायचे आहेत त्याच्यासोबत.